विधी महाविद्यालयाचं वार्तापत्र: आधी क्रियापद तपासा

निबंध लिहिला, पाठवला, स्वीकारला गेला, प्रसिद्ध झाला. या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि विधी महाविद्यालयाच्या वार्तापत्रात होणाऱ्या निम्म्याहून अधिक चुका या चारांच्या सरमिसळीतून होतात. वाचणारे बहुतेक जण वकील, न्यायाधीश किंवा कायद्याचे शिक्षक असतात. शब्द काटेकोर वाचणं हेच त्यांचं रोजचं काम आहे. एका बातमीत ‘प्रसिद्ध’ हा शब्द चुकीचा दिसला, की ते बाकीच्या अंकाकडेही संशयाने बघतात, आणि ज्यांची कामगिरी खरी आहे त्यांचंही नुकसान होतं. म्हणून अध्यापकांचं यश असो, विद्यार्थ्यांचा टप्पा असो की जाहीर कार्यक्रम असो, आधी क्रियापद ठरवा आणि त्याला पुरावा जोडा. वाक्य सजवायचं काम त्यानंतरचं.

माहिती गोळा करताना

त्रैमासिक अंक असेल तर कालखंड तारखांनी बांधून घ्या: १ जानेवारी ते ३१ मार्च, असा. बातमी कुठल्या अंकात जाईल हे घटना घडल्याच्या तारखेवरून ठरवा, माहिती हाती आल्याच्या तारखेवरून नव्हे. हा नियम नसला की एकच व्याख्यान दोन अंकांत छापलं जातं आणि वर्षअखेरीला अहवाल करताना आकडे जुळत नाहीत.

कालखंड संपण्याच्या तीन आठवडे आधी फॉर्म पाठवा, दहा दिवस आधी आठवण करा. फॉर्ममध्ये सातच रकाने ठेवा: कोणी, नेमकं काय केलं, कशासाठी, कुठे, कोणत्या तारखेला, पुरावा कुठला, आणि नाव-छायाचित्र वापरायला संमती आहे का. ‘नेमकं काय केलं’ हा रकाना मोकळा सोडू नका, तिथे निवडीचे पर्याय द्या: स्वीकारलं गेलं, ऑनलाइन प्रसिद्ध झालं, अंकात प्रसिद्ध झालं, निमंत्रणावरून व्याख्यान दिलं, निवडीतून निबंध वाचला, नियुक्ती झाली, पुरस्कार मिळाला. मोकळ्या रकान्यात ‘योगदान दिलं’ असं काहीतरी येतं आणि मग फोन करत बसावं लागतं.

फॉर्मवर विसंबून मात्र राहू नका. तो दर वेळी तेच पाच-सहा जण भरतात. मन लावून काम करणारे कितीतरी अध्यापक स्वतःबद्दल एक ओळही पाठवत नाहीत, आणि त्यांची नोंद राहून जाणं हा अन्याय आहे. त्यांच्यासाठी स्वतः शोध घ्या. ग्रंथपालांना विचारा, कारण नवीन पुस्तक, नवा अंक आणि कुणी कुठला निकालपत्राचा संदर्भ मागितला हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं. अध्यापकांची ऑर्किड (ORCID, म्हणजे संशोधकांची ऑनलाइन ओळख-नोंदणी) पानं पाहा. सोळा अंकी ओळख क्रमांकामुळे एकाच नावाच्या दोन लेखकांची गल्लत होत नाही. शिवाय मागच्या चार अंकांत कोणाचं नाव किती वेळा आलं याची एक साधी यादी ठेवा. ज्याच्यापुढे शून्य आहे त्याला फॉर्म पाठवू नका, प्रत्यक्ष भेटा.

अध्यापकांचं लेखन

वार्तापत्रात जागा द्यायची ती स्वीकृतीपासून पुढच्या टप्प्याला. ‘पाठवला’ ही बातमी नाही. स्वीकृतीसाठी संपादकांचं पत्र मागा, प्रसिद्धीसाठी डीओआय (प्रसिद्ध निबंधाला मिळणारा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) किंवा छापील पानाची प्रत. मुद्रणपूर्व मसुदे ठेवण्याच्या संकेतस्थळावर निबंध चढवला म्हणजे तो प्रसिद्ध झाला असं होत नाही. त्याची नोंद करायचीच तर ‘मसुदा वाचनासाठी खुला केला’ असं लिहा.

नोंदीत निबंधाचं पूर्ण शीर्षक, नियतकालिकाचं नाव, खंड, अंक, वर्ष आणि पृष्ठं हवीत. सहलेखक असतील तर सगळ्यांची नावं, आणि छापलेल्या क्रमानेच. आपल्या महाविद्यालयाचा माणूस तिसरा असेल तर त्याला पहिल्या जागी सरकवू नका. पुस्तकातलं प्रकरण लिहिणं, पुस्तक संपादित करणं आणि पुस्तक लिहिणं या तिन्हींना ‘पुस्तक प्रकाशित’ म्हणून मोकळं होण्याची सवय फार पसरली आहे. संपादक आणि लेखक यांच्या श्रमांचं स्वरूपच वेगळं असतं. दोघांनाही आपापलं नाव मिळू द्या.

नियतकालिक कसं आहे ते पाहताना आयएसएसएन असणं पुरेसं समजू नका. तो आठ अंकी क्रमांक (शेवटचा अंक कधीकधी एक्स असतो) फक्त ओळख पटवतो, दर्जाची हमी देत नाही. संपादक मंडळातली माणसं खरोखर त्या संस्थांमध्ये काम करतात का, मागचे अंक उघडतात का, निबंध पाठवल्यापासून किती दिवसांत स्वीकारला, पैसे कधी मागितले, हे बघा. चार दिवसांत स्वीकृती आणि लगेच शुल्काची मागणी असेल तर ती नोंद थांबवा आणि संबंधित अध्यापकाशी एकांतात बोला. बऱ्याचदा तोच फसवला गेलेला असतो.

‘समकक्ष-परीक्षित’ (पिअर-रिव्ह्यूड, म्हणजे त्याच विषयातल्या तज्ज्ञांनी तपासलेला) हे विशेषणही सवयीने लावू नका. कायद्याच्या क्षेत्रात परंपरा वेगळी आहे. हार्वर्ड लॉ रिव्ह्यू १८८७ साली सुरू झालं आणि त्याचे संपादक विद्यार्थीच असतात. अमेरिकेतली बहुतेक प्रतिष्ठित लॉ रिव्ह्यू अशीच चालतात. तिथे निबंध छापून येणं मोठी गोष्ट आहे, पण म्हणून तो समकक्ष-परीक्षित ठरत नाही. हे विशेषण नियतकालिकाच्या धोरणात स्पष्ट लिहिलेलं असेल तरच वापरा.

न्यायालयाने उल्लेख केला म्हणजे नेमकं काय केलं?

कायद्याच्या अभ्यासकाला आपलं लेखन न्यायालयापर्यंत पोहोचल्याचा आनंद सर्वांत मोठा असतो, आणि सर्वांत जास्त घोळही याच बातमीत होतो. एकच वाक्य, ‘प्राध्यापकांच्या निबंधाचा निकालात उल्लेख’, पाच वेगवेगळ्या परिस्थितींसाठी वापरलं जातं. न्यायालयाने निबंधातलं मत मान्य करून आपल्या कारणमीमांसेत वापरलं. किंवा ते उद्धृत केलं आणि नाकारलं. किंवा ते बहुमताच्या निर्णयात नसून वेगळ्या सहमतीच्या मतात आहे. किंवा भिन्नमत नोंदवणाऱ्या न्यायाधीशाने ते घेतलं आहे. किंवा न्यायालयाने स्वतः काहीच म्हटलेलं नाही, फक्त एका वकिलाने युक्तिवादात हा निबंध दाखवला एवढी नोंद निकालपत्रात आहे.

पाचवी परिस्थिती सर्वाधिक फसवते. निकालपत्राच्या मजकुरात नाव शोधलं की ते सापडतं, आणि शोधणारा तिथेच थांबतो. म्हणून परिच्छेद क्रमांक लिहून घ्या, त्या परिच्छेदाच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन वाचा, आणि तो परिच्छेद कोणाच्या तोंडचा आहे ते ठरवा. ‘याचिकाकर्त्यांच्या वतीने असं म्हणणं मांडण्यात आलं की’ अशी सुरुवात असेल तर ते न्यायालयाचं मत नाही.

हेगमधल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या बाबतीत तर दुप्पट काळजी घ्या. त्याच्या संविधीच्या अनुच्छेद ३८ मध्ये नामवंत विधिज्ञांच्या लेखनाला कायद्याचे नियम ठरवण्याचं दुय्यम साधन म्हणून जागा आहे, पण प्रत्यक्षात न्यायालयाच्या मुख्य निर्णयात अभ्यासकांची नावं क्वचितच येतात. ती येतात ती न्यायाधीशांच्या स्वतंत्र आणि भिन्न मतांमध्ये. ‘हेगच्या न्यायालयाने निबंध उद्धृत केला’ अशी माहिती आली, की आधी स्वतंत्र मतांची पानं उघडा.

मराठीत लिहिताना आणखी एक अडचण येते. ‘निकाल’ हा शब्द परीक्षेलाही चालतो, खटल्यालाही आणि स्पर्धेलाही. एका पानावर तिन्ही आले की वाचक अडखळतो. खटल्यासाठी ‘निर्णय’ किंवा ‘निकालपत्र’, परीक्षेसाठी ‘निकाल’, स्पर्धेसाठी ‘क्रमांक’ असं एकदा ठरवून टाका आणि अंकभर पाळा.

दुरुस्ती कशी करायची ते एका नोंदीवर पाहा. आलेला मजकूर असा: ‘प्रा. क्ष यांच्या संशोधनाची सर्वोच्च न्यायालयाने दखल घेतली असून महाविद्यालयाच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवला गेला आहे.’ निकालपत्र वाचल्यावर कळतं की भिन्नमतात, परिच्छेद ११२ मध्ये, पुराव्याच्या भाराबद्दलचा त्यांचा मुद्दा स्वीकारला आहे. तर लिहा: ‘पुराव्याचा भार कोणावर, या प्रश्नावरची प्रा. क्ष यांची मांडणी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयातील भिन्नमतात (परिच्छेद ११२) स्वीकारण्यात आली आहे. बहुमताने वेगळी भूमिका घेतली.’ यानंतर खटल्याचं नाव, तारीख आणि संदर्भ क्रमांक. तुरा गेला, पण मुद्दा काय होता हे आता वाचकाला कळतं, आणि प्रा. क्ष यांचं काम पहिल्यांदा खरं दिसतं.

न्यायमित्र (खटल्यात पक्षकार नसताना न्यायालयाला कायद्याच्या मुद्द्यावर मदत करणारा) म्हणून सादर केलेल्या टिपणाचंही तसंच. टिपण दाखल करणं, न्यायालयाने ते दाखल करून घ्यायला परवानगी देणं आणि न्यायालयानेच एखाद्याला न्यायमित्र नेमणं, हे तीन वेगळे प्रसंग आहेत. विधिमंडळाच्या समितीपुढे साक्ष झाली असेल तर ती निमंत्रणावरून की जाहीर आवाहनाला दिलेल्या लेखी प्रतिसादातून, हे विचारा. लेखी निवेदनाला ‘समितीपुढे साक्ष’ म्हणू नका.

नामांकनांच्या बातम्या शक्यतो घेऊच नका. नोबेल शांतता पुरस्काराचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. नियमांनुसार नाव सुचवण्याचा अधिकार असलेल्यांमध्ये विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापकही येतात, दर वर्षी शेकडो नावं सुचवली जातात, आणि समिती ती नावं ५० वर्षं जाहीर करत नाही. तेव्हा ‘नामांकन मिळालं’ या वाक्याचा अर्थ एवढाच, की पात्र असलेल्या कोणीतरी पत्र पाठवल्याचं सांगितलं आहे. जाहीर झालेली अंतिम यादी असेल तर मात्र छापा आणि यादीत एकूण किती नावं होती तेही लिहा.

मूट कोर्टचं यश

अभिरूप न्यायालयाच्या, म्हणजे काल्पनिक खटला लढवण्याच्या मूट स्पर्धेच्या, बातमीत पाच गोष्टी हव्यात: स्पर्धेचं पूर्ण नाव, पातळी, एकूण संघ, कुठल्या फेरीपर्यंत मजल मारली आणि कोणती पारितोषिकं मिळाली. यातली ‘पातळी’ सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. १९६० साली सुरू झालेल्या जेसप या आंतरराष्ट्रीय कायद्यावरच्या मूट स्पर्धेत देशोदेशी आधी राष्ट्रीय फेऱ्या होतात आणि त्यातून पात्र ठरलेले संघ आंतरराष्ट्रीय फेरीला जातात. ‘जेसपमध्ये उपविजेते’ असं नुसतं लिहिलं तर वाचक आंतरराष्ट्रीय फेरी समजेल. उलट व्हिएन्नात होणाऱ्या, आंतरराष्ट्रीय व्यापारी लवादावरच्या व्हिस मूटला जाण्यासाठी आधी देशपातळीवरची फेरी जिंकावी लागत नाही. तिथे ‘व्हिएन्नासाठी देशातून निवड’ हे वाक्यच चूक ठरतं. तिथलं खरं यश मेमोरँडमच्या (लेखी युक्तिवादाच्या) पारितोषिकात, वैयक्तिक वक्त्याच्या सन्मानात किंवा बाद फेऱ्यांमध्ये असतं.

उपांत्य म्हणजे शेवटचे चार, उपांत्यपूर्व म्हणजे शेवटचे आठ. घाईत हे दोन शब्द हमखास उलटसुलट होतात. किती संघ उरले होते तो आकडा कंसात द्या, म्हणजे शब्द चुकला तरी पकडता येईल.

संघातल्या सगळ्यांची नावं द्या. जेसपमध्ये तोंडी फेरीत एका बाजूने दोघे बोलतात, पण संघ पाच जणांपर्यंत असू शकतो. मेमोरियल, म्हणजे जेसपमधला लेखी युक्तिवाद, उभं करणारे संशोधक छायाचित्रात कडेला उभे असतात आणि बातमीतून बऱ्याचदा गळतात. महिनोन्‌महिने रात्री जागून संदर्भ तपासणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव छापून येणं हे त्याच्या पहिल्या नोकरीच्या अर्जात उपयोगी पडतं. ही ओळ विसरू नका.

स्पर्धांचं वेळापत्रक ठाऊक असलं की मागे धावावं लागत नाही. जेसपचा प्रश्न साधारण सप्टेंबरमध्ये जाहीर होतो आणि मेमोरियल जानेवारीत जातात. व्हिसचा प्रश्न ऑक्टोबरच्या सुरुवातीला येतो आणि तोंडी फेऱ्या ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात असतात. म्हणजे वसंत ऋतूतल्या अंकात दोन रकाने आधीच राखून ठेवता येतात.

परीक्षा, सनद, नोकरी

उत्तीर्णतेची टक्केवारी छापताना छेद लिहा. समजा, वकिली परीक्षेला ८० जण बसले. त्यांपैकी ६० पहिल्यांदा बसले आणि त्यातले ५१ उत्तीर्ण झाले. उरलेल्या २० पुनर्परीक्षार्थींपैकी ७ उत्तीर्ण झाले. पहिल्यांदा बसलेल्यांची टक्केवारी ८५, सगळ्यांची मिळून ७२.५. दोन्ही आकडे खरे आहेत, पण कशाचे ते न सांगता फक्त ८५ छापणं ही फसवणूक होते. दोन्ही द्या. मागच्या वर्षीशी तुलना करताना दोन्हीकडे तोच छेद वापरा.

लहान तुकड्यांबाबत एक धोका असतो. ‘तुकडीतले एक सोडून सगळे उत्तीर्ण’ असं लिहिलं की तो एक कोण हे सगळ्यांना कळतं. दहापेक्षा कमी संख्या असेल तर टक्केवारी आणि उणे उल्लेख दोन्ही टाळा, उत्तीर्णांची नावं संमतीने द्या.

परीक्षा उत्तीर्ण होणं आणि सनद मिळणं यांत काळाचं अंतर असतं. सनद हाती येईपर्यंत नावापुढे ‘ॲड.’ लावू नका. नोकरीचा देकार आणि प्रत्यक्ष रुजू होणं यांतही तसंच. देकार मागे घेतले जातात. रुजू झाल्यावरच छापा. न्यायाधीशांच्या कार्यालयात संशोधन साहाय्यक म्हणून निवड झाली असेल तर त्या कार्यालयाची हरकत नाही ना, हे विद्यार्थ्याकरवी विचारून घ्या. पगाराचा आकडा वार्तापत्रात कधीही नको.

विधी साहाय्य केंद्राची बातमी सर्वांत जपून लिहा. विद्यार्थ्यांनी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली मसुदा केला, पक्षकाराला दिलासा मिळाला, याचा अभिमान वाटणारच. पण गोपनीयतेचा हक्क पक्षकाराचा आहे, महाविद्यालयाचा नाही. निर्णय न्यायालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतो म्हणून ‘आमच्याकडे ती बाई आली तेव्हा’ हा तपशील जाहीर होत नाही. लेखी संमती घ्या, आणि ती प्रकरण चालू असताना घेऊ नका, कारण तेव्हा पक्षकाराला नाही म्हणणं जड जातं. संमती नसेल तर प्रकरणाचा प्रकार आणि विद्यार्थ्यांनी केलेलं काम एवढंच लिहा. अपिलाची मुदत संपली आहे का, तेही पाहा. ‘खटला जिंकला’ असं छापलं आणि पुढच्या महिन्यात वरच्या न्यायालयाने स्थगिती दिली, असं होतं.

जाहीर कार्यक्रम

व्याख्यानाच्या वृत्तांतातून स्वागत, परिचय आणि आभार काढून टाका. त्याऐवजी नोंद घेणाऱ्याने तीन गोष्टी टिपाव्यात: वक्त्याचा मुख्य दावा एका वाक्यात, त्यासाठी दिलेलं सर्वांत ठोस उदाहरण, आणि श्रोत्यांमधून आलेला सर्वांत अवघड प्रश्न व त्याचं उत्तर. एवढ्यावर दोनशे शब्दांचा चांगला वृत्तांत होतो. प्रश्नकर्त्यांसाठी वेगळा माईक ठेवा. नाहीतर ध्वनिमुद्रणात उत्तरं ऐकू येतात आणि प्रश्न गायब असतात. वृत्तांत ४८ तासांत लिहा, त्यानंतर स्वतःची टिपणंही लागत नाहीत.

वक्त्याचं पद कार्यक्रमाच्या दिवशीचं द्या. पदावर असलेले न्यायाधीश बोलले असतील तर त्यांच्या तोंडचं वाक्य अवतरणात छापण्याआधी त्यांच्या कार्यालयाकडून तपासून घ्या. प्रलंबित प्रकरणाला लागू पडेल असं अर्धवट वाक्य बाहेर गेलं, तर उद्या त्याच वाक्यावरून त्यांनी सुनावणीतून बाजूला व्हावं अशी मागणी होऊ शकते.

बंद चर्चांसाठीचा चॅटहॅम हाउस नियम (लंडनमधल्या त्याच नावाच्या संस्थेचा) १९२७ पासून वापरात आहे आणि त्याचा अर्थ सहसा चुकीचा लावला जातो. तो ‘काहीच बाहेर सांगू नका’ असं म्हणत नाही. चर्चेतली माहिती वापरता येते. कोण बोललं, तो कोणत्या संस्थेचा आणि बैठकीला आणखी कोण होतं, हे उघड करता येत नाही. म्हणजे मुद्द्यांचा वृत्तांत चालतो, वक्त्यांची यादी आणि समूहछायाचित्र चालत नाही. हा नियम लागू आहे की नाही ते निमंत्रणातच लिहा. अर्धी चर्चा झाल्यावर जाहीर केला तर आधी बोललेल्यांचं काय, या वादाला उत्तर नसतं.

उपस्थितीत नोंदणी केलेले आणि प्रत्यक्ष आलेले वेगळे मोजा. ऑनलाइन असेल तर एका वेळी जास्तीत जास्त किती जण होते तो आकडा द्या. दिवसभरात कितीदा दुवा उघडला गेला, ती श्रोत्यांची संख्या नव्हे.

नावं

इंग्रजीतून आलेलं नाव देवनागरीत स्वतःच्या अंदाजाने लिहू नका. रोमन लिपीत ‘कदम’ आणि ‘कडम’, ‘साठे’ आणि ‘साथे’ सारखेच दिसतात. फॉर्ममध्येच नाव देवनागरीत लिहायला सांगा. परदेशी वक्त्यांच्या नावाचा उच्चार त्यांच्याकडूनच ऐकून घ्या आणि तेच लेखन पुढच्या प्रत्येक अंकात ठेवा, म्हणजे शोध घेताना एकाच माणसाची तीन नावं निघणार नाहीत.

अंक गेल्यावर

प्रत्येक नोंदीचा पुरावा अंकनिहाय फोल्डरमध्ये ठेवा. संकेतस्थळांवरचे स्पर्धांचे निकाल पुढच्या हंगामात नाहीसे होतात, म्हणून तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. फाइलचं नाव वर्ष, अंक, व्यक्ती, क्रियापद या क्रमाने द्या.

चूक निघाली तर ऑनलाइन अंकात मजकूर गुपचूप बदलू नका. नोंदीखाली दुरुस्तीची तारीख, आधी काय छापलं होतं आणि बरोबर काय ते लिहा, आणि पुढच्या अंकात त्याच विभागात पुन्हा छापा. अध्यापकांच्या विभागातली चूक शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत सुधारली तर ती कोणी वाचत नाही.

‘स्वीकारला गेला’ म्हणून छापलेल्या निबंधांची एक वेगळी वही ठेवा. दर अंकाच्या आधी ती उघडून प्रत्येकाची चौकशी करा. प्रसिद्ध झाला असेल तर खंड आणि पृष्ठांसह एक ओळ द्या आणि आधीच्या नोंदीचा अंक कळवा, म्हणजे वार्षिक अहवालात तो निबंध एकदाच मोजला जाईल. दीड वर्ष झालं तरी काही कळत नसेल तर अध्यापकाला विचारून ती नोंद वहीतून कमी करा.